चौदा नंबरची चौकट

गुरुशांत बिराजदारचा हात गुण देताना भलताच आखडता. गेली सहा वर्षं तो राज्य रग्बी संघटनेसाठी भारताच्या मुलींच्या प्रत्येक आंतरराष्ट्रीय सामन्याचं मूल्यमापन करतोय. दोन्ही संघांचं, एकेका खेळाडूला दहापैकी गुण आणि त्यापुढं एक ओळ. सहा वर्षांत नऊ कुणालाच मिळाले नाहीत. आठ दोघींना मिळाले, आणि त्यातली एक जपानची होती. शाळेत पीटी शिकवणारा माणूस सोलापुरात सात रस्ता चौकाजवळच्या दोन खोल्यांत बसून परक्यांना आठ देतो आणि आपल्या पोरींना साडेपाचावर ठेवतो, याचा काही जणांना राग यायचा. पण त्याच्या कागदात बोट ठेवायला जागा सापडायची नाही, म्हणून काम त्याच्याकडंच राहिलं.

त्या कागदाला वजनही होतं. महाराष्ट्राच्या ज्या मुलीला त्यात सहाच्या खाली गुण पडतील, तिचं नाव संघटना पुढच्या शिबिराच्या यादीत पाठवत नसे. आणि शिबिर हुकलं की दौरा हुकला, हे सांगायला कुणी लागत नाही.

त्या रविवारी भारताच्या मुलींचा सामना कोलंबोत श्रीलंकेशी होता, सकाळी अकराला. भारताच्या उजव्या कडेला चौदा नंबर घालून वळसंगची दानेश्वरी पाटील उभी होती. तिला गुरुशांतनंच घडवलं होतं. अकरा वर्षांची असताना त्यानं तिला कबड्डीच्या मैदानात उतरवलं आणि सतरा वर्षांची झाल्यावर तिच्या हातात रग्बीचा लांबट चेंडू दिला. तिचे वडील मल्लप्पा सामना बघायला सकाळच्या एसटीनं सरांच्याच घरी आले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला विभूतीचे ताजे पट्टे. लग्नाला निघाल्यासारखा माणूस. रत्नम्मानं, म्हणजे गुरुशांतच्या बायकोनं, चहा ठेवला आणि मल्लप्पांना टीव्हीसमोरची चांगली खुर्ची दिली.

"सर, आज किती गुण द्याल पोरीला?" मल्लप्पांनी खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं.

"आधी खेळू द्या की."

"न्हाय, अंदाजानं."

"अंदाजानं गुण द्यायचे तर सामना कशाला बघायचा?"

रत्नम्मा आतून म्हणाली, "त्यांना काय विचारताय मल्लप्पा, मी इतकी वर्सं सैपाक करतेय, माझा आकडाबी अजून सातावर गेलेला न्हाय."

सामना सुरू झाला तसा गुरुशांत गप्प झाला. त्याची एक ठरलेली पद्धत होती. मांडीवर फळी, फळीवर आखलेला कागद, हातात पेन्सिल. प्रत्येक नंबराला एक चौकट. चेंडू घेऊन पळणारीला धरून पाडलं, म्हणजे टॅकल लागला, की उभी रेघ, हुकला की आडवी. एकदा सामना आवाजासकट बघायचा, मग पुन्हा आवाज बंद करून. कारण समालोचन करणारे जिच्या हातात चेंडू तिच्याचबद्दल बोलतात, आणि रग्बीतलं निम्मं काम ज्यांच्या हातात चेंडू नसतो त्या करतात.

पहिल्या अर्ध्यात भारताच्या पोरी जोरात होत्या. चेंडू या हातातून त्या हातात असा जात होता की श्रीलंकेच्या मुली नुसत्या माना फिरवत होत्या. एकतिसाव्या मिनिटाला दानेश्वरीनं कडेनं धाव काढली, दोघींना चकवलं आणि शेवटच्या रेषेपलीकडं चेंडू टेकवला. ट्राय. पाच गुण. मल्लप्पांनी खुर्चीच्या हातावर एवढ्या जोरात थाप मारली की कपबशी खाली आली. गुरुशांतनं कागदावर एक छोटा त्रिकोण काढला.

दुसऱ्या अर्ध्यात चित्र पालटलं. श्रीलंकेच्या पोरी घाई करत नव्हत्या. चेंडू धरायचा, दोन पावलं पुढं जायचं, पडायचं, परत तेच. भारताच्या मुली दमल्या, आणि दमलेला माणूस नियम मोडतो. रेफ्रीची शिट्टी पुन्हा पुन्हा त्यांच्याच नावानं वाजायला लागली. तरी सत्त्याहत्तराव्या मिनिटाला भारत पंधरा, श्रीलंका चौदा. एका गुणाची आघाडी आणि तीन मिनिटं.

तेवढ्यात श्रीलंकेनं उंच मारलेला चेंडू दानेश्वरीच्या हातात आला. ती मैदानाच्या मधल्या रेषेकडं पळाली. रेषा दोन हातांवर राहिली असताना श्रीलंकेच्या सात नंबरनं तिचे दोन्ही पाय मिठीत धरले. दानेश्वरी पालथी पडली.

रग्बीत पाडलेल्या खेळाडूनं त्याच क्षणी चेंडू सोडायचा असतो. हा नियम शाळेतल्या पोरालाही पहिल्या आठवड्यात सांगतात. दानेश्वरीनं तो सोडला नाही. एका हातानं चेंडू पोटाशी धरून ती दुसऱ्या कोपरावर सरपटली. एक हात, दीड हात. पाय धरलेली बाई मागं ओढतेय आणि ही अंग ताणून पुढं. शेवटी तिची बोटं मधल्या पांढऱ्या रेषेला लागली.

"शिवली!" मल्लप्पा उभे राहून ओरडले. "रेषा शिवली! वाचली माझी पोर!"

शिट्टी वाजली. समालोचक गोंधळला होता. त्याला कळेना, मैदानाच्या मधल्या रेषेला हात लावून या मुलीला मिळणार काय होतं. रग्बीत त्या रेषेचा असा काही उपयोगच नाही.

मल्लप्पा अजून उभेच होते, आनंदानं लाल झालेले. तरुणपणी ते वळसंगच्या संघात चढाई करायचे. कबड्डीत पकड झालेल्या माणसाला मधली रेषा शिवता आली की तो जिवंत, आणि धरणारे सगळे बाद. त्यांच्या लेखी पोरीनं सामना जिंकला होता. गुरुशांतला मात्र दुसरीच गोष्ट टोचली. तो स्वतःही खुर्चीतून अर्धा उठला होता. त्याच्याही तोंडात 'शिवली' आलं होतं. मल्लप्पा आधी ओरडले, एवढाच काय तो फरक.

पुढचं सगळं भराभर झालं. पेनल्टी श्रीलंकेला. त्यांनी चेंडू कडेबाहेर मारून पंचवीस-तीस मीटर जमीन घेतली, लाइनआउटला, म्हणजे तो कडेवरून आत फेकला तेव्हा, स्वच्छ उडी मारून पकडला आणि सगळ्या जणी एक गठ्ठा करून भारताच्या पोरींना मागं ढकलत ढकलत रेषेपार गेल्या. श्रीलंका एकोणीस, भारत पंधरा. सामना संपला.

"म्हंजे हो सर?" मल्लप्पा हळूच बसले. "आपण हारलो?"

"हारलो."

"आन् तिनं रेषा शिवली ती?"

"त्यामुळंच हारलो, मल्लप्पा."

मल्लप्पांना ते समजावून सांगायला दहा मिनिटं लागली. समजल्यावर त्यांनी रुमालानं तोंड पुसलं आणि पुढचा तासभर तो रुमाल हातातच ठेवला.

दीड वाजता पुण्याहून इंद्रजीतचा फोन आला. तो संघटनेचा सचिव. वयानं लहान, बोलायला नेमका. "सर, पाचपर्यंत कागद पाठवा. उद्या सकाळी यादी ठरतेय. चौदा नंबर तुमची विद्यार्थिनी आहे, म्हणून विचारतो. दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ का?"

"दुसरं कोण हाय?"

"कुणी नाही," तो म्हणाला.

जेवण झाल्यावर गुरुशांतनं आवाज बंद करून सामना पुन्हा लावला. आधी श्रीलंकेचं पान भरलं. परक्या पोरींना गुण देताना त्याला बरं वाटायचं, कारण त्यांच्या आईबापांची तोंडं त्याला माहीत नसायची. दहा नंबर, साडेसात: "किक अचूक, डोकं थंड, पहिल्या अर्ध्यात पास देताना उशीर." सात नंबर, आठ: "सोळा टॅकल, एकही हुकला नाही. सामन्यातली सर्वोत्तम खेळाडू." हा सहा वर्षांतला तिसरा आठ. संघाबद्दल त्यानं लिहिलं, "ताकदीत भारतापेक्षा जास्त नाहीत. पेनल्टी सात दिल्या, भारतानं तेरा. हा विजय शिस्तीचा आहे."

मग भारताचं पान. "पहिल्या अर्ध्यात चेंडूची फिरवाफिरव गेल्या तीन वर्षांतली सर्वांत चांगली. स्वतःच्याच पाच लाइनआउट गमावल्या. साठाव्या मिनिटानंतर दम संपला, दोष तयारीचा." एक नंबर, सहा. दोन नंबर, पाच. असं करत करत तेरा नंबरला साडेसहा आणि पंधरा नंबरला सात दिले. मधली चौकट रिकामी ठेवून पेन्सिल थांबली.

मल्लप्पा बाजूला बसून सगळं बघत होते. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण कागद मराठीत होता.

"सर, सहा लिवा," ते म्हणाले. "सात म्हणत न्हाय मी. सहा. ट्राय केलाय की तिनं."

"बघतो."

"सहाच्या खाली ग्येलं तर काय हुतं ते ठावं हाय मला. दानूनंच सांगितलंय. लई राबलीय ओ ती."

गुरुशांतला हे सांगायची गरज नव्हती. पण मल्लप्पांना जे माहीत नव्हतं ते त्याला आत खात होतं. चार वर्षांपूर्वी जिल्हा निवडीच्या सामन्यात तो स्वतः रेफ्री होता. दानेश्वरी पडली, आणि अशीच चेंडू घेऊन सरपटली. एकदा नाही, तीनदा. नियम तिला त्यानं तोंडानं शंभर वेळा सांगितला होता. पण त्या दिवशी मैदानाभोवतीचे लोक टाळ्या वाजवत होते, पोरीची जिद्द बघून त्याचाही ऊर भरून आला होता, आणि त्यानं तिन्ही वेळा शिट्टी तोंडाला लावली नाही. त्याला वाटायचं, ही आपली माती आहे, कबड्डीची, ती काही धुऊन जायची नाही आणि जाऊही नये. आज त्या मातीनं पोरीचा घात केला. आणि ती कुणी जपली होती?

साडेतीनला त्यानं चौदा नंबरच्या चौकटीत आकडा घालण्याऐवजी एक रेघ मारली. पुढं लिहिलं, "या खेळाडूची शेवटची चूक कबड्डीच्या सवयीची आहे. ती सवय मोडण्याचं काम माझं होतं. मी रेफ्री असताना दुर्लक्ष केलं. चुकीची जबाबदारी माझी. म्हणून गुण देत नाही."

लिहून झाल्यावर त्याला हलकं वाटलं. खरं सांगायचं तर स्वतःचा थोडा अभिमानही वाटला. सहाच्या खालीही नाही आणि वरही नाही, पोरगी सुटली, सत्यही बोललो, अपराध पदरात घेतला. एका रेघेत एवढं सगळं साधतं म्हणजे कुठंतरी काहीतरी चुकतंय, हे एरवी त्याच्या लगेच लक्षात आलं असतं. पण त्या दुपारी नाही आलं.

मल्लप्पांनी ओळ दोनदा वाचली आणि त्याचा हात धरला. "यप्पा! तुमी द्येवमाणूस हाव, सर."

रत्नम्मानंही वाचलं. परत देताना तिनं कागद जरा जास्तच वेळ हातात ठेवला.

गुरुशांतचा आणखी एक रिवाज होता. त्याच्या हाताखालून गेलेली खेळाडू सामन्यात असेल, तर कागद पुण्याला जायच्या आधी तिला दाखवायचा. पाठीमागं लिहायचं नाही, हे त्यानं पहिल्याच वर्षी ठरवलं होतं. म्हणून त्यानं दोन्ही पानांचे फोटो काढून दानेश्वरीला पाठवला. चार मिनिटांत तिचा फोन आला. मागं बसचा आवाज होता, आणि कुणीतरी कुणाला पाण्याची बाटली मागत होतं.

"सर, चौदा नंबरचं काय झालं?"

"काय झालं म्हंजे? लिहिलंय की."

"लिवलंय ते वाचलं. गुण कुटं हायत?"

"दानू, ती चूक तुझी न्हवती. मी तुला—"

"बदली आलेली पोर अकरा मिंटं खेळली, तिला पाच दिल्यात तुमी. मी ऐंशी मिंटं पळले. माझीच चौकट रिकामी. मी तितं न्हवतेच का?"

त्यानं चार वर्षांपूर्वीच्या सामन्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली, तीन वेळा, शिट्टी, टाळ्या. तिनं मध्येच तोडलं.

"ठावं हाय मला. तवाबी ठावं हुतं. तुमी शिट्टी मारली न्हाय म्हणून मी मनात हसले हुते, सर सुटू देत्यात म्हणून. पर त्याला चार वर्सं झाली. त्येच्यानंतर दोन वर्सं मी शिबिरात रोज ह्येच केलंय. पड, चेंडू सोड. पड, चेंडू सोड. सपनात बी सोडत हुते. सुटली हुती ती सवय. आज पाय धरलं, समोर रेषा दिसली, आन् ग्येलं सगळं. ती माझी चूक हाय, सर. माझ्या हातनं झालीय. सगळ्या देशासमोर झालीय. ती बी तुमी घिऊन ग्येलात तर माझ्याकडं काय ऱ्हायलं?"

गुरुशांत खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. खाली रिक्षावाले एकमेकांवर हॉर्न वाजवत होते. त्याला लाज वाटली. अपराध पदरात घेतला असं तो समजत होता; खरं तर त्यानं पोरीला पुन्हा अकरा वर्षांची केली होती, जिच्या वतीनं मोठ्यांनी माफी मागायची असते. आणि ते करताना आपण किती मोठे, म्हणून खूशही झाला होता.

"सहाच्या खाली जाईल," तो म्हणाला.

"जाऊ द्या की. श्रीलंकेच्या सात नंबरला मापलं तसं मला मापा."

"शिबिर जाईल."

"सर, मला कळतंय."

तिनं फोन चालूच ठेवला. गुरुशांत कागदाकडं परत आला आणि खोडरबरानं ती रेघ आणि ती सगळी ओळ खोडली. मग चौकटीतल्या रेघा मोजल्या. नऊ टॅकल लागलेले, तीन हुकलेले. एक ट्राय. दोन चांगल्या धावा. एक चेंडू हातातून सुटलेला. आणि सत्त्याहत्तरावं मिनिट. त्यानं तीच फूटपट्टी लावली जी इतर सगळ्या जणींना लावली होती, आणि एकदा नाही, दोनदा लावली, आकडा बदलतो का ते बघायला. बदलला नाही.

"पाच," तो म्हणाला.

दानेश्वरी म्हणाली, "मला साडेपाच वाटलं हुतं."

"साडेपाच? तीन टॅकल हुकलेत."

"दोन. बावन्नाव्या मिंटाचा माझा न्हवताच, तेरा नंबरचा हुता. ती आत ग्येली म्हणून मला आत यावं लागलं."

"तू आत आलीस म्हणूनच कड मोकळी पडली. परत बघ."

"बघितलंय! बसमधे तीनदा बघितलंय. तुमीच बघा."

गुरुशांतनं बावन्नावं मिनिट लावलं, फोन कानाशी धरूनच. मागं घेतलं, पुन्हा लावलं. दोघं चांगली सात-आठ मिनिटं त्या एका टॅकलवर भांडली. ती माघार घेईना, हाही घेईना. तिला चार वर्षांपूर्वी कळत नव्हतं ते सगळं आता कळत होतं: कुणी कुठं उभं राहायला हवं होतं, कुणाची जागा कुणी सोडली, श्रीलंकेच्या दहा नंबरनं ते कसं हेरलं. काही गोष्टी तर त्याला माहीतच नव्हत्या. शेवटी ती म्हणाली, "बरं, पाच तर पाच. पर माझ्या म्होरं ओळ नीट लिवा. नियम ठावं न्हाय असं लिवू नका. ठावं असून मोडला, असं लिवा."

त्यानं तसंच लिहिलं. "पहिल्या अर्ध्यात धारदार. नियम पूर्ण माहीत असताना निर्णायक क्षणी मोडला. गुण पाच." स्वतःच्या रेफ्रीपणाबद्दल त्यानं वेगळ्या कागदावर चार ओळी लिहिल्या, इंद्रजीतच्या नावानं, की जिल्ह्याच्या सामन्यात आपण चार वर्षांपूर्वी नियम कसा सोडून दिला आणि यापुढं रेफ्री बाहेरून बोलवावा. तो हिशेब त्याचा होता, तिच्या चौकटीत त्याला जागा नव्हती. पाचाला दहा कमी असताना दोन्ही कागद पुण्याला गेले.

मल्लप्पा एवढा वेळ खुर्चीच्या कडेवर बसून होते. फोनवरचं अर्धंच बोलणं त्यांच्या कानावर पडलं होतं, आणि ते अर्धं भांडणाचं होतं.

"किती दिलंत, सर?"

"पाच."

मल्लप्पांनी रुमालाची घडी घातली. "म्हंजे यादीत न्हाय."

"न्हाय."

"रडली का?"

"न्हाय. अर्ध्या गुणासाठी भांडली."

मल्लप्पांनी मान वर केली. पोरीसाठी ते इतक्या वर्षांत कधी सरांशी भांडले नव्हते. आज दुपारीसुद्धा त्यांनी हातच जोडले होते.

"मग?" त्यांनी विचारलं. "दिलात का अर्धा?"

"न्हाय दिला," गुरुशांत म्हणाला. "पर मल्लप्पा, बावन्नाव्या मिनिटाचं तिचंच बरोबर असंल. मला अजून कळंना झालंय."